आजीचं सहस्रचंद्रदर्शन आणि चिऊची फी (घरचा ग्रुप, नोव्हेंबर 2025)

आत्या: हॉलवाल्याला ॲडव्हान्स दिला. अमेरिकेतून कोण येणार, अजून पत्ता नाही. आईचं सहस्रचंद्रदर्शन आहे, पुन्हा पुन्हा होत नाही.

दादा: आत्या, काकाने कळवलंय ना. त्याच्या चिऊच्या व्हिसाचं आहे.

आत्या: तुला कळवलं असेल. मला फोन नाही.

जावईबापू: जेवणात जिलेबी का श्रीखंड? कालपासून विचारतोय.

काकू: ताई, रागावू नका, इथेच लिहिते. फेब्रुवारीत चिऊला 21 पूर्ण होतात. मग ती आमच्या व्हिसावर राहू शकत नाही. एच-4 वरून, म्हणजे घरच्यांसाठीच्या व्हिसावरून एफ-1 वर, म्हणजे स्टुडंट व्हिसावर जायचा अर्ज टाकलाय. अर्ज चालू असताना देशाबाहेर पडलं की अर्ज सोडला असं धरतात. ह्यांचंही पासपोर्टवरचं व्हिसाचं स्टॅम्पिंग संपलंय. तिकडे येऊन नव्या स्टॅम्पिंगची अपॉइंटमेंट लांबली तर नोकरी जाईल, आणि चिऊच्या कॉलेजची फी त्याच नोकरीतून जाते.

नानाकाका: चिऊला पुण्याला आणा. बीजे मेडिकल कॉलेजला घाला. घरात डॉक्टर होईल.

आत्या: पाच वर्षांची असताना गेली. इतक्या वर्षांत ग्रीन कार्ड नाही? आम्हाला वाटायचं सगळं झालंय.

दादा: नोकरीवर मिळणारी ग्रीन कार्डं वर्षाला साधारण 1,40,000. त्यात एका देशाला 7 टक्क्यांच्या आसपास. काकाच्या अर्जाची तारीख 2016 ची. या महिन्याच्या व्हिसा बुलेटिनला, म्हणजे नंबर कुठवर आला त्या पत्रकात, ईबी-2 या काकाच्या गटात भारताची गाडी 1 एप्रिल 2013 वर आहे. 21 च्या आत नंबर लागला नाही की मूल त्या रांगेतून बाहेर.

बंटी: आणि नव्या एच-1बीला, म्हणजे नोकरीच्या व्हिसाला, एक लाख डॉलरची फी आली ना आता. पुढे तिला तो पण नाही.

दादा: बंटी, अर्धवट टाकू नकोस, काकू वाचतेय. तिथेच राहून एफ-1 वरून एच-1बी वर जाणाऱ्यांना ती फी नाही, 20 ऑक्टोबरला खुलासा आलाय.

नानाकाका: पुण्याला आणा. बीजे. माझ्या ओळखीचे आहेत.

दादा: नाना, ओळखीने होत नाही. नीट ही प्रवेश परीक्षा द्यावी लागेल, आणि राज्याच्या कोट्याला दहावी-बारावी महाराष्ट्रातली लागते. ती तिथे बायोलॉजीच्या तिसऱ्या वर्षाला आहे.

आत्या: डॉलरमध्ये कमावतात तरी फीचं रडगाणं. आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा दवाखान्यात कोण बसलं होतं?

वहिनी: आत्या, तो विषय आत्ता नको. निम्मा खर्च काकानेच पाठवला होता.

आत्या: पैसे पाठवणं वेगळं आणि उशाशी बसणं वेगळं.

काकू: खरं आहे ताई, उशाशी तुम्हीच होतात. त्याबद्दल मी काहीच बोलणार नाही. पण चिऊला सरकारी ग्रँट नाही, सरकारी कर्ज नाही. एच-4 वर तिला कॉफीच्या दुकानातसुद्धा नोकरी करता येत नाही. एफ-1 झाल्यावर परदेशी विद्यार्थ्याची फी लावली तर वेगळंच. बऱ्याच मेडिकल स्कूल परदेशी विद्यार्थ्यांचे अर्जच घेत नाहीत. मला जोडीदारांसाठीच्या 2015 च्या नियमामुळे काम करता येतं, माझाही पूर्ण पगार तिच्या कॉलेजला जातो. परवा म्हणाली, “आई, मी सोडते, काहीतरी स्वस्त करते.” ह्यांनी साफ नाही सांगितलं.

आत्या: हे आधी का नाही सांगितलं?

काकू: आई काळजी करतील म्हणून.

नानाकाका: 🙏 बीजेचं बघा तरी.

वहिनी: नाना, बास ना आता.

काका: ताई, आत्ता वाचलं. चुलत काकांकडे माझ्या वाट्याच्या शेताचं विचारलंय, तेही तुला आज सांगतो. चिऊची चार वर्षं पुरी करायचीच.

आत्या: शेत विकायचं नाही. बाबांनी कष्टाने घेतलंय. माझी एफडी मार्चमध्ये सुटते, ती आधी. आईला मी सांगते. कार्यक्रमाला व्हिडिओवर बसा, आणि चिऊला सकाळी उठव, ओवाळताना ती दिसली पाहिजे.

काकू: ताई, एफडी नको हो.

आत्या: ते आपण फोनवर बोलू. ग्रुपवर नको.

जावईबापू: मग जिलेबी फायनल ना? आचारी थांबलाय.