मदत हवी आहे: दिवेआगरला लहान मुलांसाठी रिसॉर्ट

डिसेंबरात अष्टमीच्या सुमारास दोन रात्री राहायचं आहे. मुलं दीड आणि चार वर्षांची. तिथीच्या पाऊणपट हिशेबाने (तिथीचा आकडा गुणिले पाऊण म्हणजे भरतीची वेळ; अष्टमीला आठाचे सहा) भरती सकाळ-संध्याकाळ सहाला, म्हणजे भर दुपारी ओहोटी. चार-साडेचारला पाणी चढत असताना मुलांना घोट्याएवढ्या पाण्यात न्यायचा विचार आहे. उतरत्या पाण्याला ओढ असते.

तळमजल्याची खोली हवी, किनाऱ्यावर जायला मोठा रस्ता ओलांडावा लागू नये. मुलांचा पूल खरंच वेगळा, दीड फुटाच्या आत आहे का? बऱ्याच ठिकाणी मोठ्या पूलची तीन फुटांची बाजूच मुलांची म्हणून दाखवतात, आणि तेवढं पाणी या वयाला धोक्याचं. वीज गेल्यावर जनरेटरवर गीझर चालतो का? साडेसातला बिनतिखट वरण-भात मिळेल? अलीकडे राहून आलेल्यांनी कृपया नाव आणि भाडं सांगा.