मदत हवी आहे : लातुरात घडणाऱ्या फिल्म न्वार लघुपटासाठी संगीत आणि आवाज

नमस्कार मंडळी,

मी लातूरला मास कम्युनिकेशनच्या शेवटच्या वर्षाला आहे. परीक्षेसाठी आमचा गट अठरा मिनिटांचा कृष्णधवल लघुपट करतोय, फिल्म न्वारच्या, म्हणजे चाळिशीच्या दशकातल्या अंधाऱ्या अमेरिकी गुन्हेपटांच्या धाटणीचा. शूटिंग झालं, एडिट जवळपास लॉक आहे, गाडं अडलंय ते साउंडवर.

गोष्ट थोडक्यात अशी : अडत दुकानातला मुनीम मालकाच्या सांगण्यावरून शेतकऱ्यांच्या हिशोबपट्ट्यांत फेरफार करत आलाय. पुढे मालकिणीच्या नादी लागून तो मालकालाच संपवतो. सगळं एका रात्रीत, गंजगोलाईच्या आसपास. दिवसा पाय ठेवायला जागा नसलेले ते सोळा रस्ते दुकानं बंद झाल्यावर जे काही दिसतात, त्यासाठी वेगळा सेट लागतच नाही.

पहिली अडचण पावसाची. न्वार म्हटलं की ओला रस्ता आणि पाऊस हे डोक्यात बसलेलं असतं. पण २०१६ च्या उन्हाळ्यात ज्या गावाला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तिथे शॉटसाठी टँकर मागवून रस्ता भिजवायचा हे आमच्यातल्या कुणालाच पटलं नाही. त्यामुळे चित्रपटातली रात्र कोरडी आहे. वर नुसता पावसाचा आवाज टाकून पाहिला, तर चित्र आणि आवाज एकमेकांना ओळखही देत नाहीत.

त्यावर मला सुचलेलं असं : खुनाच्या खोलीत कूलर चालू आहे. त्याची घरघर सुरुवातीपासून आहे, प्रेक्षकाला ती ऐकू येणंही बंद झालेलं असतं. नेमक्या क्षणी लाईट जाते, आणि घरघर थांबते. अंधारात फक्त झटापट. लाईट येते तेव्हा आधी पंखा कण्हत फिरायला लागतो, मग मोटर पाणी ओढते आणि गवताच्या ताटीवरून थेंब ठिबकायला लागतात. अख्ख्या चित्रपटात पाण्याचा आवाज तेवढाच. संगीत अजिबात नाही. मला हे फार महत्त्वाचं वाटतं, पण गटातले म्हणतात की परीक्षक म्हणतील, इथे साउंड टाकायचा राहिला. ती शांतता किती सेकंद ताणावी?

दुसरा वाद वाद्यांचा. एकाला सॅक्सोफोन हवाय. मी वाचलं आणि ऐकलं त्यावरून, चाळिशीच्या दशकातल्या मूळ न्वारपटांत बहुतेक मोठा ऑर्केस्ट्राच असायचा. एकट्या सॅक्सोफोनची सवय आपल्याला नंतरच्या चित्रपटांनी लावली. ‘द थर्ड मॅन’ (१९४९) तर अंतोन कारास यांच्या झिदर या एकट्या तंतुवाद्यावर उभा आहे. मग आपल्याकडचं एकच वाद्य का नको? आत्याच्या गल्लीत लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवणारे काका राहतात. वरातीत त्यांचा वरचा सूर कान फाडतो, पण खालच्या सप्तकात सावकाश वाजवायला लावलं तर तोच आवाज पोकळ, दमट होतो. मुनिमाला तो शोभेल असं माझं ठाम मत आहे. दुसऱ्याला पाठलागात संबळ हवाय. संबळ मला प्राणप्रिय आहे, पण तुळजापूर इथून जवळ. संबळ घुमला की आमचा प्रेक्षक मनाने देवीच्या गोंधळात जाऊन बसेल आणि पाठलाग बाजूला राहील.

शिवाय, हॉटेलातल्या रेडिओवर पन्नाशीच्या दशकातलं हिंदी गाणं चालेल का? लघुपट नंतर महोत्सवांनाही पाठवायचा आहे.

प्रतिसाद

ताई, आधी गाण्याचं. आपल्या कायद्यात ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर ६० वर्षांनी संपतो, पण चाल आणि शब्द यांचा हक्क संगीतकार आणि गीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो. त्यामुळे रेकॉर्ड जुनी असली तरी गाणं मोकळं असेलच असं नाही. ते काढा. काकांकडूनच त्या वळणाची दोन ओळींची नवी चाल वाजवून घ्या, ती लहानशा स्पीकरवर खोलीत लावा आणि लांबून मोबाईलवर पुन्हा रेकॉर्ड करा. रेडिओचा फिल्टर लावण्यापेक्षा हे खरं वाटतं. इफेक्ट नेटवरून घेतलेत तर प्रत्येकाचा परवाना वाचा. ‘अव्यावसायिक’ अट असलेले टाळा, आणि श्रेय मागितलं असेल तर नामावलीत द्या.

क्लॅरिनेटला माझं मत. स्वरलिपी लिहीत बसू नका. फ्रेंच दिग्दर्शक लुई मालच्या एका चित्रपटासाठी जॅझवादक माइल्स डेव्हिसने डिसेंबर १९५७ मध्ये पॅरिसच्या स्टुडिओत पडद्यावरचे प्रसंग बघत बघत ट्रम्पेट वाजवला होता. काकांना एडिट दाखवा, प्रसंग समजावून सांगा आणि वाजवू द्या. जागा नंतर निवडता येतील.

शांततेबद्दल : ट्रॅक पूर्ण कोरा ठेवू नका. कोरा ट्रॅक हॉलमध्ये बिघाडासारखा वाटतो, परीक्षकांची शंका तिथूनच येईल. त्याच खोलीत, त्याच वेळी, कूलर बंद ठेवून मिनिटभर कुणीही न बोलता रेकॉर्डिंग करा आणि ते झटापटीखाली अगदी हळू ठेवा. लाईट जाते तेव्हा फक्त खोलीतला नाही, गल्लीतलाही गुणगुणाट बंद होतो, तोही कापा. लांबचं कुत्रं मात्र राहू द्या. मग सेकंद मोजायची गरज नाही, नटाचा श्वास सांगेल.

धागाकर्ती

गल्लीचं लक्षातच आलं नव्हतं! खूप आभार. काकांना विचारलं, ते तयार आहेत. आता एकच : त्यांचं रेकॉर्डिंग वर्गात करावं की अडत दुकानाच्या पत्र्याच्या गोदामात? गोदामात घुमारा छान येतो, पण तो नंतर काढता येत नाही ना?