मदत हवी आहे : रोबोटचा प्रतिसादकाळ लॉगमध्ये ४० मिलिसेकंद, व्हिडिओत २१५. खरा कोणता?

नमस्कार मंडळी,

दोन चाकांचा रोबोट आहे. त्यावर सेकंदाला १० फेऱ्या मारणारा लायडार (लेझर किरण फिरवून भोवतालची अंतरं मोजणारा सेन्सर), लिनक्सचा छोटा संगणक, आरओएस २ (रोबोटचे प्रोग्रॅम एकमेकांना जोडणारं सॉफ्टवेअर). मोटरसाठी वेगळा मायक्रोकंट्रोलर (छोटी नियंत्रक चिप), तो दर ५० मिलिसेकंदांनी आज्ञा वाचतो. अचानक काही आडवं आलं तर रोबोट किती वेळात ब्रेक लावतो, हे मला मोजायचं आहे.

आधी सरळ लॉग काढला. स्कॅन (लायडारच्या एका फेरीची मोजमापं) हातात पडल्यापासून थांबण्याची आज्ञा सुटेपर्यंत ४० मिलिसेकंद, जवळजवळ दर वेळी तेवढेच. तरी खात्री करावी म्हणून चाकावर पांढरी पट्टी चिकटवली, वाटेत वरून पुठ्ठा सोडला आणि फोनवर सेकंदाला २४० फ्रेमने चित्रण केलं. एक फ्रेम म्हणजे साधारण ४.२ मिलिसेकंद; पट्टी कधी मंदावली ते फ्रेम मोजून कळतं. ६० चाचण्यांत सर्वांत कमी १४०, मध्यक २१५, आणि एकदा तर ३९०! ०.८ मीटर प्रतिसेकंद वेगाला ३९० म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच ३१ सेंटिमीटर पुढे. हा रोबोट माणसांमध्ये फिरणार आहे, त्यामुळे हा आकडा मला स्वस्थ बसू देत नाही.

मधला वेळ जातो कुठे? मायक्रोकंट्रोलरचं घड्याळ वेगळं, त्यामुळे दोन्हीकडचे लॉग जुळवताही येत नाहीत.

प्रतिसाद १ :
व्हिडिओ खरा. तुमचा लॉग स्कॅन आल्यावर सुरू होतो, घटना त्याआधीच घडून गेलेली असते. पुठ्ठा पडला तेव्हा किरण नुकताच तिथून पुढे गेला असेल, तर तो परत यायला १०० मिलिसेकंद. फेरी मागच्या बाजूने सुरू होत असेल तर समोरचं दिसल्यावरही उरलेली अर्धी फेरी, म्हणजे ५०, संपल्यावरच स्कॅन बाहेर पडतो. मग तुमचे ४०, आणि आज्ञा वाचली जाईपर्यंत ० ते ५०. मोटरला ५० धरले तर बेरीज १४० ते २९०. ३९० मात्र यात बसत नाही. सबस्क्रायबरची, म्हणजे स्कॅन घेणाऱ्या प्रोग्रॅमची, रांग किती स्कॅनची ठेवली आहे? १० असेल तर प्रोसेसरवर भार आला की आधी जुने स्कॅन उपसले जातात. १ करून बघा.

घड्याळं जुळवत बसू नका. आज्ञा सुटताना एक एलईडी पेटवा, मायक्रोकंट्रोलरने ती वाचली की दुसरा, आणि दोन्ही त्याच चित्रणात घ्या.

प्रतिसाद २ (धागाकर्ता) :
रांग १०च होती! १ केली, आज पुन्हा ६० चाचण्या, सर्वांत जास्त २८०. मनापासून आभार. एलईडी उद्या जोडतो. एक शंका उरली: माणसं असतील तिथे वेग ठरवताना सर्वांत वाईट आकडा धरायचा हे पटतं, पण तो सापडलाय असं म्हणायला ६० चाचण्या पुरतात का?