‘मेदिदा प्रोव्हिझोरिया’: घराचे दार लावून बसणे हा प्रतिकार ठरतो का?

प्रश्न

लाझारो रामोस दिग्दर्शित ‘मेदिदा प्रोव्हिझोरिया’ हा ब्राझिलियन चित्रपट पाहून दोन दिवस झाले, तरी तो मनातून जात नाही. कथा नजीकच्या भविष्यातली आहे. आंतोनियो हा कृष्णवर्णीय वकील गुलामगिरीबद्दल सरकारकडे नुकसानभरपाई मागतो आणि सरकार भरपाईच्या नावाखाली कृष्णवर्णीयांना आफ्रिकेत ‘परत’ पाठवू लागते, सुरुवातीला राजीखुशीने आणि नंतर सक्तीने. सरकारी भाषेत त्यांना ‘अधिक मेलॅनिनचे’ नागरिक म्हटले जाते; रक्ततपासणीच्या अहवालात शोभावा असा हा शब्द ऐकताना अंगावर काटा आला. घरात शिरून अटक करण्याची मुभा पोलिसांना नसल्यामुळे आंतोनियो आणि त्याचा नात्यातला भाऊ आंद्रे सदनिकेत स्वतःला कोंडून घेतात. मला हे हतबलतेचे चित्र वाटले. जाणकारांना काय वाटते?

प्रतिसाद १

हतबलता नव्हे, असे माझे ठाम मत आहे. या चित्रपटातली हद्दपारी निव्वळ कल्पनेतून आलेली नाही. १८३५ च्या जानेवारीत ब्राझीलमधल्या साल्व्हादोर शहरात मुस्लिम आफ्रिकनांच्या पुढाकाराने उठाव झाला, आणि तो मोडून काढल्यावर सरकारने गुलामीतून मुक्त झालेल्या अनेक आफ्रिकनांना जहाजात बसवून आफ्रिकेत धाडले. पुढे १३ मे १८८८ रोजी राजकन्या इझाबेल यांनी गुलामगिरी रद्द करणाऱ्या कायद्यावर सही केली. तो कायदा अवघ्या दोन कलमांचा होता आणि मुक्त झालेल्यांना त्यात ना जमीन मिळाली, ना पैसा. चित्रपटात हद्दपारीची अंमलबजावणी करणाऱ्या अधिकारी बाईंचे नावही इझाबेलच आहे, हे ध्यानात घ्यावे. शीर्षकाचा अर्थ आपल्याकडच्या वटहुकुमाच्या जवळचा आहे: राष्ट्राध्यक्षांनी काढायचा, तत्काळ लागू होणारा आणि नंतर संसदेपुढे जाणारा आदेश. कागदावरच्या एका ओळीने ज्याचे नागरिकत्व काढून घेतले, त्याने ‘मी इथलाच आहे’ म्हणून स्वतःच्या घरातून न हलणे, हेच त्या ओळीला दिलेले उत्तर आहे.

प्रतिसाद २

वरील इतिहास मान्य आहे, निष्कर्ष मात्र मला पटत नाही. ज्या कायद्याच्या आधारावर ते दोघे घरात सुरक्षित आहेत, तो कायदाही त्याच सरकारच्या हातात आहे. आज शाबूत असलेला उंबरठा उद्या राहीलच असे नाही. माझ्या दृष्टीने खरा प्रतिकार आंतोनियोची पत्नी कपितू जिथे पोहोचते त्या ‘आफ्रोबंकर’मध्ये आहे, कारण तिथे लपलेली माणसे एकमेकांची जबाबदारी घेतात. पळून गेलेल्या गुलामांनी जंगलात वसवलेल्या ‘किलोंबो’ वस्त्यांची ती परंपरा आहे. त्यांपैकी पाल्मारिसची वस्ती सतराव्या शतकाचा बहुतेक काळ टिकून राहिली आणि तिचा नेता झुंबी २० नोव्हेंबर १६९५ रोजी मारला गेला. तो दिवस आता ब्राझीलमध्ये राष्ट्रीय सुट्टीचा आहे.

कामानिमित्त रिओमध्ये असताना मी वालोंगो धक्का, म्हणजे गुलामांना जहाजातून उतरवत ती जागा, पाहिला होता. रस्त्याच्या पातळीखाली, खड्ड्यासारख्या जागेत, ओबडधोबड दगडांची फरसबंदी आहे आणि तिच्यावर नीट घडवलेल्या चिऱ्यांचा दुसरा थर दिसतो. लक्षावधी आफ्रिकनांची पहिली पावले ज्या दगडांवर पडली, ते १८४३ मध्ये येणाऱ्या सम्राज्ञीच्या स्वागतासाठी असे झाकून टाकले होते. २०११ मध्ये बंदराच्या कामात ते पुन्हा उघडे पडले. चित्रपट पाहताना मला सतत ते दोन थर आठवत होते.

प्रश्नकर्ता

दोघांचे मनापासून आभार. काल रात्री सदनिकेतले प्रसंग पुन्हा पाहिले. पहिल्या वेळी मी केवळ दारावर लक्ष ठेवून होतो, पोलीस कधी आत येतात या धास्तीने; या वेळी आतल्या दोघांचे बोलणे, भांडणे आणि हसणे नीट ऐकले. ‘हतबलता’ हा माझा शब्द मी मागे घेतो. मात्र घरापेक्षा आफ्रोबंकर श्रेष्ठ, हेही मला अजून म्हणवत नाही, कारण कपितू तिथे सुरक्षित असूनही तिचा जीव सदनिकेतच अडकलेला आहे.