मदत हवी आहे: पोट्ट्यासाठी पहिला ट्रॉम्बोन कोणता घ्यावा?

राजेहो, पुतण्या १२ वर्षाचा आहे, गावच्या बँड पार्टीत ट्रॉम्बोन (नळी मागंपुढं सरकवून फुंकायचं पितळी वाद्य) शिकून राहिला, आम्ही दर्यापूरकडचे. नागपुरात एक जुना पाहिला पण नळीला पोचा होता, स्लाइड (सरकणारी नळी) चौथ्या पोझिशनजवळ (सुरांसाठी ती थांबवायच्या सात जागांपैकी चौथी) दरवेळी अटके, म्हणून सोडला. मेरठचा नवाही वाजवून पाहिला, आवाज भरदार पण स्लाइड जड वाटली. बजेट १५ हजार, कापूस विकल्यावर थोडं वाढू शकते. एफ ट्रिगरवाला (दूरच्या पोझिशनचे सूर हात न लांबवता काढायचा खटका असलेला) नको, साधा बी फ्लॅट टेनरच (नेहमीचा प्रकार) पाहिजे, पोराचा हात सातव्या पोझिशनपर्यंत पुरत नाही हे माहीत आहे, पण सध्या त्याला त्या सुरांचं काम पडत नाही. इकडं स्लाइड दुरुस्त करणारा कारागीर नाही, म्हणून तेच टेन्शन आहे. यामाहाचा वायएसएल ३५४ सेकंडहँड शोधू का प्लास्टिकचा पीबोन घेऊ, आणि पीबोन उन्हातान्हात वरातीत टिकते का, कोणी वापरला काय?