सोसायटीचा संगणक आणि विंडोज ११

सचिव: सर्व सभासदांना नमस्कार. कार्यालयातील संगणकावर विंडोज ११ घालण्याचा प्रयत्न काल संध्याकाळी केला. टीपीएम (सुरक्षेच्या किल्ल्या सांभाळणारी सोय) बंद असल्याचा संदेश आला, म्हणून बायॉसमध्ये, म्हणजे संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये जाऊन ते सुरू केले, केवळ खात्रीची प्रणालीच सुरू होऊ देणारे सिक्युअर बूटही सुरू केले. तरीही तपासणीच्या अ‍ॅपमध्ये बाकी ओळींसमोर हिरवी खूण आणि प्रोसेसरसमोर तेवढी लाल फुली आली. प्रोसेसर इंटेल कोअर आय५-७४०० असून रॅम ८ जीबी आहे. देखभालीची बिले, पावत्या आणि भाडेकरूंच्या नोंदी यावर विनातक्रार चालतात. नवीन संगणकाचा खर्च समितीपुढे मांडण्यापूर्वी जाणकारांनी मत द्यावे.

ए-२०२: यात जाणकार कशाला हवेत? चालता संगणक भंगारात काढायला लावायचा, एवढाच यांचा धंदा आहे.

सी-६०३: काका, आपले म्हणणे निम्मे खरे आहे. आधी उरलेले निम्मे सांगतो. प्रोसेसरला ठरावीक आज्ञाच कळतात आणि नव्या पिढ्यांमध्ये त्यांत भर पडत जाते. एखाद्या संख्येच्या बायनरी (फक्त ० आणि १ यांतल्या) रूपात १ हा अंक किती वेळा आला आहे ते मोजणारी ‘पॉपकाउंट’ ही आज्ञा इंटेलच्या प्रोसेसरांत २००८ च्या सुमारास आली. त्याआधीच्या कोअर २ ड्युओ या प्रोसेसरला ती ठाऊकच नाही. विंडोज ११ ची २४एच२ ही आवृत्ती ती आज्ञा असणारच, असे धरून बांधलेली असल्यामुळे त्या जुन्या यंत्रावर ती सुरूच होत नाही. तिथे कोणतीही युक्ती चालत नाही. जुन्या चिपसाठी वेगळा कोड ठेवायचा म्हटले, तर प्रत्येक बदल त्या चिपवरही तपासत बसावे लागते.

आपल्या यंत्राची गोष्ट मात्र वेगळी आहे. आय५-७४०० हा २०१७ चा, सातव्या पिढीचा प्रोसेसर. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या इंटेल प्रोसेसरांची यादी, मोजके अपवाद सोडले तर, त्याच वर्षी आलेल्या आठव्या पिढीपासून सुरू होते. मायक्रोसॉफ्टने सुरक्षितता आणि स्थिरता ही कारणे दिली होती. पण कर्नलमध्ये, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यात, परका कोड घुसू न देणाऱ्या संरक्षणाला हार्डवेअरची जी मदत लागते, ती सातव्या पिढीत आहे, आणि मायक्रोसॉफ्टने मान्य केलेल्या, एएमडी या दुसऱ्या कंपनीच्या रायझन २००० मालिकेत नाही. शिवाय सातव्या पिढीतील आय७-७८२०एचक्यू यादीत आहे. मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या सरफेस स्टुडिओ २ या संगणकात तोच बसवलेला आहे. त्यामुळे ही रेघ चिपच्या कुवतीपेक्षा कंपनीच्या सोयीने ओढलेली आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

बी-१०४: माझा मुलगा म्हणतो, रजिस्ट्रीत (विंडोजच्या अंतर्गत सेटिंगच्या नोंदवहीत) एक नोंद बदलली की विंडोज ११ बसते. मग तसे का करू नये?

सी-६०३: बसते, ताई. मात्र अशा संगणकाला पुढचे अपडेट मिळतीलच, याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही, आणि दर वर्षीची मोठी आवृत्ती हाताने चढवावी लागते. घरच्या संगणकावर मी हे खुशाल करीन. सभासदांचे बँक तपशील आणि भाडेकरूंची ओळखपत्रे असलेल्या यंत्रावर करणार नाही. विंडोज १० ला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार, म्हणजे सुरक्षा अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, म्हणून विंडोज १० आहे तसेच चालवत राहणेही योग्य नाही. वैयक्तिक वापरासाठी सुरक्षा अपडेटची सशुल्क किंवा निःशुल्क मुदतवाढ १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे. सोसायटीचे कार्यालय त्यात बसते का, ते अटी वाचूनच ठरवावे. माझ्या मते विंडोजऐवजी लिनक्स ही मोफत प्रणाली घालणे हा बरा मार्ग आहे.

ए-२०२: म्हणजे लिनक्सवाले जुन्याला टाकत नाहीत तर!

सी-६०३: टाकतात, काका. लिनस टोरवाल्ड्स यांनी १९९१ मध्ये लिनक्स लिहिले ते इंटेलच्या ३८६ या जुन्या चिपच्या संगणकावर, आणि त्याच ३८६ चा आधार २०१३ च्या ३.८ आवृत्तीत काढून टाकला, कारण त्या चिपच्या उणिवा सांभाळण्यासाठी ठेवलेला कोड इतर कामात आडवा येत होता. पण तोवर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला होता. आपला आय५ तिथे अजून तरुण समजला जातो.

सचिव: आभारी आहे. बिलांचे सॉफ्टवेअर ब्राउझरमध्ये चालते की त्याला विंडोजच लागते, आणि आपला प्रिंटर लिनक्सवर चालेल का, हे उद्या विचारून कळवतो. तोवर सर्व नोंदींची प्रत वेगळ्या हार्ड डिस्कवर घेऊन ठेवतो. नवीन संगणकाच्या खर्चाचा विषय समितीच्या येत्या बैठकीतून वगळला आहे.