मदत हवी आहे: नाकारलेल्या अर्जदारांचं पुढे काय झालं हेच कळत नसेल, तर कटऑफ बरोबर की चूक कसं ठरवायचं?

नमस्कार मंडळी,

मी एका छोट्या वित्तसंस्थेच्या जोखीम विभागात आहे. आम्ही विनातारण वैयक्तिक कर्जं देतो. थकबाकी वाढलीय म्हणून क्रेडिट स्कोअरचा कटऑफ (ज्या आकड्याखाली अर्ज नाकारतो तो) वर न्यावा असं वरिष्ठांचं म्हणणं आहे आणि त्याचं टिपण मला करायचंय. तिथेच अडलेय.

हिशोब वरवर सोपा आहे. नीट फिटलेल्या एका कर्जातून १ भाग नफा होत असेल आणि बुडालेल्या एका कर्जात १० भाग जात असतील, तर एका बुडीत खात्यामागे निदान १० चांगली खाती हवीत. ज्या स्कोअरला हे प्रमाण मोडतं, तिथे कटऑफ. पण हे प्रमाण आम्ही काढतो ते फक्त कर्ज दिलेल्यांच्या नोंदींवरून. ज्यांना नाही म्हटलं, त्यांनी हप्ते भरले असते की नाही हे आमच्या कुठल्याच फाइलीत नाही. कटऑफ वर नेला की थकबाकी उतरेल आणि निर्णय योग्यच होता असं सगळे म्हणतील. किती प्रामाणिक माणसं विनाकारण परत गेली, ते कुणालाच दिसणार नाही. मला हे फार टोचतं. यातले कित्येक पहिल्यांदाच कर्ज मागत असतात. त्यांची पत वाईट नसते, फक्त नोंद नसते.

नाकारलेल्यांचा अंदाज बांधायची भरवशाची पद्धत कुणी वापरलीय का? आणि कटऑफला हात न लावता बुडीत कर्जं आवरता येतात का? आमच्या तरतुदी, म्हणजे संभाव्य तोट्यासाठी बाजूला ठेवायच्या रकमा, आयएफआरएस ९ या आंतरराष्ट्रीय लेखामानकाप्रमाणे होतात. हप्ता ३० दिवसांपेक्षा जास्त थकला की खातं साधारणपणे दुसऱ्या, म्हणजे जोखीम बरीच वाढलेल्या खात्यांच्या टप्प्यात जातं आणि १२ महिन्यांऐवजी पूर्ण मुदतीच्या अपेक्षित तोट्याची तरतूद करावी लागते. त्यामुळे वरून घाई आहे.

प्रतिसाद १

आधी थकबाकी कुठून येतेय ते बघा. एकूण टक्केवारी फसवी असते. वाटप जोरात असतं तेव्हा नव्या कर्जांमुळे छेद फुगतो आणि टक्केवारी छान दिसते; वाटप मंदावलं की तीच चढते, कर्जदार तसेच असले तरी. कर्ज दिल्याच्या महिन्याप्रमाणे गट पाडा आणि प्रत्येक गट सहाव्या, बाराव्या महिन्यात कुठे होता ते ताडून बघा. पहिलाच हप्ता चुकलेली खाती वेगळी काढा, तिथे फसवणुकीचा संशय आधी घ्यावा. बिघाड एखाद्याच एजंटाकडून आलेल्या खात्यांत असेल, तर कटऑफ वाढवून काही साधणार नाही.

नाकारलेल्यांपैकी काहींनी दुसरीकडून कर्ज घेतलेलं असतं. नियमांत बसत असेल, तर पतमाहिती संस्थेकडून त्यांच्या परतफेडीची निनावी माहिती मागवा. याहून खात्रीचा पण खर्चिक मार्ग म्हणजे कटऑफच्या जरा खालचे थोडे अर्ज चिठ्ठ्या टाकून निवडायचे आणि छोटी रक्कम, कमी मुदत देऊन मंजूर करायचे. त्यातल्या तोट्याची मर्यादा आधीच लेखी मंजूर करून घ्या, नाहीतर पहिलं खातं बुडताच प्रयोग गुंडाळला जाईल.

साहेबांच्या शब्दावर अपवाद म्हणून मंजूर झालेली खाती यासाठी वापरू नका. ती कुणीतरी पारखून घेतलेली असतात.

प्रतिसाद २

कुणीतरी 'खालच्या स्कोअरला जास्त व्याज लावा' असं सुचवेलच. जपून. स्टिग्लिट्झ आणि वाइस या अर्थशास्त्रज्ञांनी १९८१ मध्ये हेच मांडलं होतं: दर चढवला की सावध माणूस निघून जातो आणि जास्त जोखीम घेणारा थांबतो. शिवाय हप्ता वाढतो, म्हणजे फेडणंही अवघड होतं.

त्यापेक्षा रक्कम कमी करा. सगळीकडचे हप्ते धरून उत्पन्नातला किती वाटा जातो ते तपासा, आणि हप्त्याची तारीख पगारानंतर लगेचची ठेवा. चांगली माणसं नुसत्या तारखेच्या घोळामुळे थकतात.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. महिन्यांप्रमाणे गट पाडायला आजच घेते. चिठ्ठ्यांच्या प्रयोगाबद्दल एक विचारायचंय: निष्कर्ष काढण्याआधी किती खाती बुडालेली दिसायला हवीत? तोट्याची मर्यादा मागताना हा आकडा मला लागणार आहे.